बॅटऱ्यांचा शंकरपट

उमरेडच्या पुढं तीन-चार गावं अशी आहेत, जिथं मी खोटारडा म्हणून प्रसिद्ध आहे. नागपुरात कोणालाही विचारा. बोकडे लॅपटॉपवाला चिडका आहे, तोंडाचा फाटका आहे, दुकानात आलेल्याला साधं पाणी विचारत नाही, हे सगळं लोक हौसेनं सांगतील. पण बोकडे खोटं बोलला, असं इथं कोणी म्हणणार नाही. तीस वर्षं हातात स्क्रू-ड्रायव्हर धरला. आता बारीक स्क्रू चिमट्यात येईना, आला तर दिसेना, म्हणून गेल्या साली दुकान बंद केलं. घरी बसलं की बोललेलं खोटं आठवतं म्हणतात. मी धंद्यात एकदाच बोललो, आणि तेही लाउडस्पीकरवरून.

माझं दुकान लकडगंजच्या अंगाला होतं. आजूबाजूला लाकूड कापायच्या आरामशिनी. एका लाकडाच्या व्यापाऱ्याचा लॅपटॉप तापतो म्हणून उघडला, तर पंख्यातून मूठभर भुसा निघाला. तो टेबलावर काढून ठेवला, तरी शेटजी म्हणतात, ‘‘बोकडेभाऊ, ये सब तुमने मेमरी बढाई ना, उसके बाद से हो रहा है.’’ माझ्या धंद्यात असंच असतं. माणूस लॅपटॉपवर चहा सांडेल, त्याच्यावर उशी ठेवून झोपेल, पण दोष शेवटी त्याचा ज्यानं मेमरी वाढवली.

गिऱ्हाईक मुख्यतः दोन तक्रारी घेऊन यायचं. एक, ‘स्लो चालून राहिला.’ दोन, ‘बॅटरी टिकून नाही राहिली.’ पहिलीवर मी मेमरीची पट्टी वाढवून द्यायचो, की महिन्याभरात तोच माणूस दुसरी तक्रार घेऊन हजर. घरात खाणारी तोंडं वाढली की डबा लवकर रिकामा होणारच, असा त्यांचा हिशेब. ऐकायला बरोबर वाटतो, पण आहे चूक.

ज्यांना यातलं काही कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मेमरी म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा आणि हार्ड डिस्क म्हणजे मागची कोठी. ओटा वीतभर असला तर बाई काय करेल? तिखटाचा डबा आणायला कोठीत जाईल, तो परत ठेवून हळदीचा आणायला पुन्हा कोठीत. तिचा जीव जातो तो या येरझारांत. ओटा लांब केला की सगळं हाताशी. आता लांब ओटा पुसायला फडकं जरा जास्त फिरवावं लागतं, हे कबूल. मेमरीची पट्टी नुसती जागी ठेवायलाही चिमूटभर वीज लागते. पण येरझारा वाचतात त्यात ती बहुतेक भरून निघते. गोम पुढंच आहे. ओटा लांब झालेला दिसला की घरचे म्हणतात, आता भजीही तळ, पापडही भाज, पुरणही टाक. मग सिलिंडर संपला की शिव्या ओट्याला!

मनीषनगरच्या एका बाईंना मी हे पाऊण तास समजावून सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, ‘‘भाऊ, आमच्याकडे मॉड्युलर किचन आहे.’’ त्या दिवसापासून मी दृष्टांत देणं कमी केलं.

आता चौधरी गुरुजींचं सांगतो.

गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवून रिटायर झालेले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, बोलणं मोजून. उमरेडहून एसटीनं आले. लॅपटॉप टॉवेलात गुंडाळून कापडी थैलीत आणला होता. तान्ह्या पोराला काढावं तसा तो बाहेर काढला आणि म्हणाले, ‘‘याचा वेग वाढवून द्या जी. पटावर आकडा याले उशीर होऊन राहिला, लोक भांडून राहिले.’’

पट म्हणजे शंकरपट. बाहेरच्या वाचकांसाठी सांगायचं तर बैलजोड्यांची शर्यत. हिवाळ्यात पिकं निघाली की आमच्याकडे गावोगाव होते. हलका छकडा, त्याला दोन बैल, वर धुरकरी, म्हणजे हाकणारा. एका वेळी एकच जोडी पळते आणि तिला लागलेली वेळ मोजतात. सगळा मामला सहा-सात सेकंदांचा. हारजीत होते ती सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्यानं. त्यामुळे पटावर सगळ्यात महत्त्वाचा माणूस म्हणजे वेळ मोजणारा, आणि सगळ्यात जास्त शिव्याही त्यालाच.

गुरुजींच्या गावात या माणसासाठी एक चाल आहे, जी मी दुसरीकडं कुठं ऐकली नाही. वेळ मोजणाऱ्यानं पटाकडं पाठ करून बसायचं. कधी काळी कोण्या मोजणाऱ्यानं आपल्या व्याह्याच्या जोडीला झुकतं माप दिलं, त्यावरून डोकी फुटली, तेव्हापासून ठरलं. ज्यानं बैल पाहिला त्याचं मन बैलात गेलं, म्हणून पाहायचंच नाही! पूर्वी गुरुजी समोर उभ्या माणसाची झेंडी पाहून हातातलं घड्याळ दाबायचे. आता पटाच्या दोन्ही टोकांना किरणांचे डोळे लावले आहेत. बैल पहिल्या डोळ्यापुढून गेला की लॅपटॉपवर घड्याळ सुरू, दुसऱ्यापुढून गेला की बंद. हात लावायचं काम नाही. तरी पाठ करून बसायची चाल कायम. गुरुजी बावीस वर्षं त्या खुर्चीवर होते. बायको वारलेली, लेकी आपापल्या घरी. वर्षभर वाट पाहावी असं त्यांच्याकडं ते पटाचे तीन दिवसच होते, आणि गुरुजींच्या आकड्यावर गावात कोणी बोट ठेवत नव्हतं.

मी लॅपटॉप उघडला. चार जीबी होते, आठ करून दिले. मग थोडा भाव खाल्ला. ‘‘बघा गुरुजी, घड्याळ चालू आहे, त्यावर हे उघडतो, तेही उघडतो, कॅमेरासुद्धा चालू करतो. काही अडतं का?’’ गुरुजींनी स्क्रीनवर स्वतःचा चेहरा पाहिला, दचकले आणि शर्टाचं वरचं बटण लावलं.

‘‘बॅटरीवर तं नाही ना काही परिणाम?’’ त्यांनी विचारलं. पटावर ते लॅपटॉप जनरेटरला लावत नसत; एका साली त्यात चार्जर जळाला होता. बॅटरी पूर्ण भरून न्यायची आणि दिवस काढायचा. नुसतं घड्याळ चालवायचं असल्यामुळे पुरायची.

‘‘परिणाम झाला तर मले बोलवा. मी येऊन सांगतो लोकांना,’’ मी म्हणालो. छाती दोन इंच फुगवूनच म्हणालो.

पटाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गुरुजींचा फोन आला. आवाज विहिरीतून यावा तसा. ‘‘बोकडेभाऊ, लोक तुमाले बोलवून राहिले.’’

झालं होतं ते असं. दुपारी चारच्या सुमाराला देवाजी भोयरची जोडी दुसऱ्या फेरीला सुटली. देवाजी म्हणजे त्या भागातला नामी बैलवाला, आवाज असा की शेजारच्या शिवारात ऐकू जावा. जोडी पटाच्या मध्यावर आली आणि लॅपटॉपचा पडदा काळा झाला. बॅटरी संपली. जोडी पळाली, पोचली, शिट्ट्या झाल्या, फेटे उडाले, आणि वेळच नाही! देवाजी छकड्याजवळून चालत गुरुजींच्या टेबलापाशी आला आणि काळ्या पडद्याकडं पाहून म्हणाला, ‘‘माहा आकडा कुठी गेला?’’

तिसऱ्या दिवशी सकाळी बॅटरी भरून जोड्या पुढं पळवता आल्या असत्या. पण पटसमितीनं ठरवलं की आधी निकाल लागला पाहिजे, दोष कोणाचा. मेमरी वाढवल्यानं बॅटरी गेली असेल तर गुरुजी मोकळे. नसेल तर गुरुजींनी हयगय केली, आणि हयगय करणाऱ्यानं खुर्ची सोडायची. मी पहिल्या एसटीनं निघालो. थैलीत स्क्रू-ड्रायव्हरचा संच, गुरुजींच्या लॅपटॉपची तपासणी करायची पेनड्राइव्ह, आणि बायकोनं दिलेल्या चार पोळ्या. ती म्हणाली होती, ‘‘बैलांच्या भांडणात तुम्हाला कशाले बोलावलं?’’ मी म्हणालो, तज्ज्ञ म्हणून.

पोचलो तर मांडवात दीड-दोनशे माणूस बसलेलं. मधे टेबलावर गुरुजींचा लॅपटॉप, त्याच्यासमोर हळदीकुंकू वाहिलेलं. ते पटाच्या पहिल्या दिवशी पूजेत वाहिलं होतं, पण मला ते आरोपीला ओवाळल्यासारखं वाटलं. पलीकडं सावलीत देवाजीचे दोन बैल रवंथ करत होते. त्यांनाही पक्षकार म्हणून आणलं असावं.

देवाजीनं सुरुवात केली. ‘‘पाहुणे, तुमी हा लॅपटॉप फास्ट केला म्हणते. खरं का?’’

‘‘हो.’’

‘‘मंग त्याचे सेकंदही फास्ट झाले असन. मांगच्या साली माही जोडी सहा पूर्णांक काहीमंदी येत होती. औंदा सकाळी पळाली तं आकडा वाढला. बैल तेच, पट तोच, धुरकरी तोच. घड्याळच भरभर पळून राहिलं, त्याले बैल काय करन?’’

मांडवात ‘बरोबर आहे’ असा गुरगुराट झाला. मी सांगितलं, की लॅपटॉपमधलं घड्याळ निराळं, त्याचा मेमरीशी संबंध नाही, सेकंद हा सेकंदच राहतो. मागून कोणीतरी म्हणालं, ‘‘असं कसं? फास्ट पंखा अन् स्लो पंखा एकच हवा देते का?’’ दुसरा म्हणाला, ‘‘अन् दुपारी बॅटरी उतरली तवा सेकंद मंद झाले असन. म्हणजे दुपारच्या जोड्याइले फायदा!’’ यावर दुपारी पळालेल्या जोड्यांचे मालक उठले. बाप्पा रे! दहा मिनिटांत निम्मा मांडव उभा. मी ओटा आणि कोठी सांगायला तोंड उघडलं आणि मनीषनगरच्या बाई आठवून मिटलं.

तेवढ्यात माइकवाला मोरेश्वर पुढं आला. पटाचं धावतं वर्णन करणारा माणूस, दोन दिवस बोलून घसा बसलेला. म्हणाला, ‘‘भांडता काहून? आपल्या शाळेत याच्यासारखाच लॅपटॉप आहे, जुन्या मेमरीचा. दोन्ही भरून ठेवा अन् सोडा एका वेळी. ज्याची बॅटरी आधी जाईन तो हारला.’’

गुरुजी शाळेत असताना शाळेला जो लॅपटॉप मिळाला होता, तसाच त्यांनी पुढं स्वतःसाठी घेतला होता. कंपनी तीच, वय जवळपास तेच, आणि शाळेतला अजून चार जीबीवर. माझ्या मनात लाडू फुटले. तीस वर्षं मी जे ओरडून सांगत होतो ते आता सगळ्या पंचक्रोशीसमोर सिद्ध होणार! मी लगेच हो म्हणालो.

गुरुजी मात्र मला बाजूला घेऊन गेले. ‘‘राहू द्या ना बोकडेभाऊ. कशाले पाहिजे हे?’’

‘‘गुरुजी, तुमच्या खुर्चीचा प्रश्न आहे.’’

‘‘खुर्ची गेली तं गेली.’’

मला वाटलं, भला माणूस आहे, भिडस्त आहे. त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणालो, घाबरू नका, मी आहे ना. आज आठवलं तरी त्या थापेची लाज वाटते. ते काय सांगू पाहत होते हे विचारायला हवं होतं. पण मला माझी मेमरी जिंकवायची होती.

दोन्ही लॅपटॉप सरपंचांच्या घरी भरून आणले. मी दोन्हींवर सारख्याच गोष्टी उघडून ठेवल्या: घड्याळाचं काम, जुन्या पटांच्या याद्या आणि शाळेच्या लॅपटॉपमध्ये होता तो पाढ्यांचा व्हिडिओ. पडद्याचा उजेडही सारखा केला. मग ते कुठं ठेवायचे यावर चर्चा झाली. पट आहे तर पटावरच, असं ठरलं. जिथून जोड्या सुटतात त्या रेघेवर दोन स्टुलं मांडली. कोणीतरी नारळ फोडला. झेंडी पडली. मी आणि शाळेचे हेडमास्तर, दोघांनी एकदम व्हिडिओचं बटण दाबलं.

आणि काहीच झालं नाही. दोन लॅपटॉप स्टुलांवर बसून ‘बे एकं बे’ म्हणत होते आणि दोनशे माणूस श्वास रोखून पाहत होतं. अशी शर्यत मी जन्मात पाहिली नाही.

मोरेश्वरनं पहिली दहा मिनिटं ताकदीनं काढली. ‘‘उजव्या हाताले गुरुजीचा, अठ्ठ्याण्णव टक्के! डाव्या हाताले शाळेचा, तोही अठ्ठ्याण्णव! काय टक्कर आहे मंडळी!’’ पुढं त्याच्याकडं सांगायला उरलं नाही. तो हरवलेल्या छत्रीची सूचना देऊ लागला. अर्ध्या तासानं तक्रार आली की शाळेच्या लॅपटॉपवर ऊन येतं, त्याला तहान जास्त लागेल. दोन छत्र्या आल्या. मग कोणी म्हणालं की गुरुजींच्या लॅपटॉपची छत्री मोठी आहे. छत्र्यांची अदलाबदल झाली. हळूहळू गावात दोन पक्ष पडले. एक जुन्या मेमरीचा, एक नव्या. जुन्या मेमरीवाले म्हणत, ‘‘म्हातारं खोड आहे, दमानं चालते, टिकन.’’ नव्यावाले म्हणत, ‘‘जवान आहे, शेवटपर्यंत दम धरन.’’ कोणाची तरी बायको जेवायला बोलवायला आली, तर नवरा म्हणाला, ‘‘थांब वं, त्र्याहत्तरावर आला आहे!’’ देवाजीच्या डाव्या बैलानं मान वर करून एकदा पाढे ऐकले आणि पुन्हा खाली घातली.

मी मधोमध खुर्ची टाकून बसलो होतो. लोक मला पोहे आणून देत होते. खरं सांगतो, इतका मान मला नागपुरात कधी मिळाला नाही. गुरुजी तेवढे लांब, कडुलिंबाखाली, आपल्या नेहमीच्या खुर्चीवर, आमच्याकडं पाठ करून बसले होते. मी मनात म्हटलं, सवय आहे बिचाऱ्याची.

तीन तास होत आले आणि दोन्ही आकडे एक अंकी झाले. पांगलेले लोक पळत परत आले. मोरेश्वरला कंठ फुटला. ‘‘चार! चार! शाळेचा तीन! गुरुजीचा चार! शाळेचा दोन! अरे सांभाळ रे म्हाताऱ्या!’’ आणि शाळेचा लॅपटॉप ‘एकवीस नव्वे’ वर गप्प झाला. गुरुजींचा त्यानंतर चार मिनिटं पाढे म्हणत राहिला. नव्या मेमरीवाल्यांनी गुलाल उधळला. तो माझ्या पोह्यांत पडला.

मी माइक घेतला आणि प्रामाणिकपणे सांगितलं, की चार मिनिटांचं काही मनावर घेऊ नका, बॅटरी बॅटरीत फरक असतो, दोघांची बरोबरी समजा. लोक मलाच ओरडले. ‘‘इथं शंभराव्या हिश्श्यानं जोडी हारते, अन् हे चार मिनिटं सोडून राहिले!’’ तर असो. मेमरीनं बॅटरी खाल्ली नाही, हे सिद्ध झालं. मी हात जोडले. टाळ्या पडल्या.

टाळ्या थांबल्यावर देवाजी म्हणाला, ‘‘मंग खाल्ली कोनं?’’

सगळी डोकी कडुलिंबाकडं वळली.

मूर्ख माणसा, मी स्वतःला म्हटलं, तू तीन तास मांडून, छत्र्या धरून, नारळ फोडून काय सिद्ध केलंस? मेमरी निर्दोष, म्हणजे गुरुजी दोषी! समितीनं तसंच ठरवलं होतं, आणि मी ते कानानं ऐकूनही माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. मला फक्त माझी पट्टी दिसत होती. लोक गुरुजींकडं चालू लागले. गुरुजी उठून उभे राहिले, पण वळले नाहीत. त्यांची मान खाली होती.

तेव्हा मी माइक तोंडाशी धरला आणि तीस वर्षांतलं ते एकमेव खोटं बोललो. ‘‘थांबा! दोष माझा आहे! मेमरी टाकताना माझ्याकडून एक सेटिंग चुकलं. त्यामुळे बॅटरी गेली. गुरुजींचा काही संबंध नाही!’’

चार कर्ण्यांतून ते शिवारभर गेलं. लोक थांबले. देवाजीनं माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, जमलं.

आणि गुरुजी वळले. बावीस वर्षांत पटाच्या मैदानावर पहिल्यांदा लोकांकडं तोंड करून ते चालत आले, माझ्या हातातून माइक घेतला आणि फळ्यावरचं चुकीचं उत्तर खोडावं तशा आवाजात म्हणाले, ‘‘हे पाहुणे खोटं बोलून राहिले.’’

मोरेश्वरनं सवयीनं दुसऱ्या माइकवरून पुन्हा सांगितलं, ‘‘नागपूरचे पाहुणे खोटं बोलून राहिले, मंडळी!’’

‘‘सेटिंग बरोबर होतं,’’ गुरुजी म्हणाले. ‘‘बॅटरी मी खाल्ली. मी कॅमेरा चालू ठेवला होता. तो माझ्याकडं तोंड करून राहते. म्हणजे माझं तोंड दिसते, अन् माझ्या खांद्यामांगं पट दिसते. पहिले असं काही उघडलं की घड्याळच अडे. आता अडत नाही, दोन्ही चालते. मी बैल पाहून राहिलो होतो. परवापासून. सगळ्या जोड्या. पळताना पाहिल्या, अन् काल तं मधे वेळ भेटला की पुन्हाही लावून पाहिल्या. उन्हात दिसत नव्हतं म्हणून उजेड पुरा केला होता.’’

माइक खरखरला तसा गुरुजींनी तो तोंडापासून जरा लांब धरला.

‘‘बॅटरी चालली अशी सूचनाही आली होती. मी ती बाजूले सारली. देवाजीची जोडी सुटली होती.’’ त्यांनी माइक टेबलावर ठेवला. मग पुन्हा उचलून म्हणाले, ‘‘चाल मोडली मी. खुर्ची सोडतो.’’

मला रडू आलं, लपवून काय करू? या माणसानं बावीस वर्षं हजारभर जोड्या मोजल्या आणि एकही पाहिली नव्हती. हे माझ्या डोक्यात आधी आलंच नव्हतं. गावाच्याही डोक्यात आलेलं नसावं, कारण सगळे एकमेकांकडं पाहत होते.

देवाजी पुढं आला. आता हा काय म्हणतो याकडं सगळ्यांचे कान. मोठ्या आवाजाचा माणूस, पण बोलला हळू. ‘‘माही जोडी पाहून राहिले होते?’’

‘‘हो.’’

‘‘मंग? कशी पळून राहिली होती?’’

गुरुजींनी आधी त्याच्याकडं, मग बैलांकडं पाहिलं. ‘‘काय सांगू देवाजी! हा डावा सुटल्या सुटल्या कान मांगं टाकते. अन् उजवा, त्याले पाहत पाहत पळते. नजर समोर नाहीच त्याची, डाव्यावरच! मले वाटलं आता अडखळते, आता अडखळते. मध्यावर आले अन् दोघाइचे पाय असे एका वेळी पडाले लागले...’’ गुरुजींनी दोन्ही हातांच्या मुठी करून टेबलावर आपटून दाखवल्या. धबडक, धबडक. ‘‘अन् तिथंच गेला पडदा. मी वळून पाहणार होतो. पण नाही वळलो.’’

‘‘काहून नाही वळले?’’

‘‘चाल आहे ना.’’

देवाजीनं कपाळावर हात मारला. मग समितीकडं वळून आपल्या मूळ आवाजात ओरडला, ‘‘ऐका गा! ज्या मानसानं लॅपटॉप बंद पडल्यावरही पाठीमांगं पळणारी जोडी वळून नाही पाहिली, अन् आपल्या फायद्याचं खोटंही नाही खपवलं, त्याच्या हातून घड्याळ कोन घेते ते मले पाहू द्या!’’

कोणी घेतलं नाही. समितीनं एवढंच ठरवलं की खुर्ची जशी आहे तशीच राहील, कॅमेरा चालू ठेवायला हरकत नाही, बॅटरीची सूचना आली तर मात्र घड्याळ आधी. देवाजीला जोडी पुन्हा पळवायची मुभा मिळाली. दुपारी ती पळाली आणि पाच शतांश सेकंदांनी हारली. गुरुजींनी आकडा सांगितला, देवाजीनं मान हलवली, बैलांच्या पाठीवरून हात फिरवला आणि घड्याळाबद्दल एक शब्द काढला नाही. माझ्याबद्दल काढला. मी एसटीत चढताना म्हणाला, ‘‘पाहुणे, मानूस बरे आहे तुमी, पण खोटं बोलाची प्रॅक्टिस नाही.’’

पुढं महिनाभर त्या भागातून जो कोणी दुकानात येई तो आधी विचारी, ‘‘खरं सांगून राहिले ना?’’ मी चिडायचो. मग चिडणं सोडलं.

होळीच्या आधी एका दुपारी देवाजी स्वतः आला. गुरुजींनी त्याच्या जोडीचा सकाळचा व्हिडिओ पेनड्राइव्हमध्ये दिला होता, तो मोबाइलमध्ये टाकून पाहिजे होता. मी टाकून दिला आणि चालतो का म्हणून लावून पाहिला. अर्ध्या पडद्यावर गुरुजींचा चेहरा, खांद्यामागं धुळीत पट. झेंडी पडते. गुरुजींचे डोळे मोठे होतात, तोंड उघडतं ते उघडंच राहतं. मागून बैल येतात, मोठे होतात, कानाशेजारून निघून जातात. गुरुजी दोन्ही हातांनी मांड्यांवर थाप मारतात आणि लगेच कोणी पाहिलं का म्हणून इकडं-तिकडं बघतात.

‘‘तुमाले नुसते बैल पाहिजे असतील तर तोंड कापता येईल,’’ मी म्हणालो.

‘‘कशाले? बैल तं माह्या गोठ्यातच आहे,’’ देवाजी म्हणाला. ‘‘बावीस साल झाले, आमी या मानसाची पाठच पाहिली.’’

त्यानं तो पुन्हा लावला. मग पुन्हा. माझ्या काउंटरवर कोपरं टेकून, चष्मा कपाळावर चढवून, तो साडेसहा सेकंदांचा तुकडा त्यानं पंधरा-वीस वेळा पाहिला असेल. मोबाइलवर लाल अक्षरं आली. मी सवयीनं म्हणालो, ‘‘देवाजी, बॅटरी चालली तुमची.’’

‘‘थांबा जी, जोडी सुटून राहिली,’’ तो म्हणाला आणि अंगठ्यानं ती सूचना बाजूला सारली. मी खालच्या खणातून चार्जर काढून लावून दिला.